गावचा आड आणि उद्याचे पिण्याचे पाणी



तुमच्या गावात एखादा आड असेलच. आज तो वापरात नसेल, पण असेल. देवळामागे, चावडीपाशी किंवा जुन्या वाड्याच्या कोपऱ्यावर. दगडी कठडा, कठड्यावर दोर घासून घासून पडलेल्या खाचा, आणि वर रहाट होता याची खूण म्हणून उरलेले दोन खांब. उद्या सकाळी सवड झाली तर जरा त्या आडात डोकावून पाहा. आत काय दिसेल याचा अंदाज मी येथे बसून करू शकतो, कारण असा एक आड मी नुकताच रिकामा होताना पाहिला आहे.

आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर गेल्या जानेवारीत मराठवाड्यातल्या एका खेड्यात होते. मुलांनी श्रमदानासाठी काम मागितले, तेव्हा तिथल्या सरपंचबाई म्हणाल्या, "सर, रस्ते झाडून झाले, झाडंही दरसाल लावतो. यंदा आमचा आड तेवढा उपसून द्या." आड पन्नास फुटांचा. विहिरीच्या कामातली जाणती वडार मंडळी आत उतरली, मुलांनी वरून दोर ओढला. (जुन्या आडात विषारी हवा साचलेली असते. हौस म्हणून कोणी आत उतरू नये. दरसाल यात माणसे दगावतात.) तीन दिवस घमेली वर येत होती. प्लास्टिकच्या पिशव्यांचे गाठोड्यावर गाठोडे, निर्माल्य, भंगलेल्या तसबिरी, फवारणीच्या औषधाच्या बाटल्या, सलाइनच्या नळ्या, मेलेली मांजरे. चौथ्या दिवशी सकाळी पाहतो तो आडात पाणी चढलेले. काठावरून एकतीस फुटांवर निवळशंख दिसत होते.

कठड्याशी एक आजोबा बसून होते. ते म्हणाले, "बाहत्तरच्या दुष्काळात अख्खं गाव ह्याच्यावर जगलं, गुरुजी. नळ आला आणि आम्ही ह्याचा उकिरडा केला."

आता मौज अशी की, त्या गावच्या नळाला पाणी ज्या बोअरचे येते, ती बोअर चारशे फूट खोल आहे आणि मार्च उजाडला की ती आटते. एप्रिलपासून टँकर. म्हणजे घरोघरी तोटी आहे, टाकी आहे, खाली चारशे फुटांचे भोक आहे, आणि पाणी मात्र पन्नास फुटांच्या उकिरड्यात! हे कोडे उलगडले म्हणजे आपल्या पिण्याच्या पाण्याचे उद्या काय होणार, याचे बरेचसे उत्तर हाती येते. म्हणून त्याच्याच वाटेने जाऊ.

प्रथम जमीन. महाराष्ट्राचा पाचापैकी चार भाग काळ्या फत्तरावर वसलेला आहे. सहासाडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरले आणि थिजले. तोच हा आपला सह्याद्रीचा, अजिंठ्याचा, बालाघाटाचा दगड. वर मातीचा थर, त्याखाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला, झिजलेला दगड, आणि मग घट्ट फत्तर. पावसाचे पाणी मुरते आणि साठते ते मुख्यत्वे मुरुमात आणि भेगाळलेल्या दगडात. म्हणजे वरच्या चाळीसपन्नास, फार तर साठसत्तर फुटांत. आपल्या पणजोबांनी आड आणि विहिरी तेवढ्याच खोल खणल्या, त्याचे कारण त्यांचे हात थकले एवढेच नाही. पाण्याची कोठी तेवढ्यातच आहे, हे त्यांना ठाऊक होते.

पुष्कळांची समजूत अशी की, जमिनीखाली खोल कुठे तरी पाताळगंगा वाहते आहे आणि आपण पुरेसे खोल गेलो की ती लागणारच. पाणाड्या नारळ तळहातावर घेऊन शेतातून चालतो, नारळ उभा राहतो, आणि बोअरची गाडी बोलावली जाते. नारळाबद्दल मी काही बोलत नाही, श्रद्धेचा प्रश्न आहे. फत्तराबद्दल मात्र सांगतो. गंगायमुनेच्या खोऱ्यात शेकडो फूट गाळ आहे. तेथे खोल गेले तर पाणी वाढते. आपल्याकडे खोल गेले तर एखादी चीर, दोन लाव्हाथरांमधला एखादा सांधा हाती लागतो. त्यात पाणी असते, पण ते वर्षानुवर्षे थेंबथेंब झिरपून साठलेले. दोनचार वर्षे मोटार जोरात चालते, मग हवा येऊ लागते. शेजारी त्याहून शंभर फूट खाली जातो. वरचे पाणी आपल्या बचत खात्यासारखे आहे, दरसाल पावसाळ्यात त्यात भरणा होतो. खालची ठेव एकदा मोडली की आपल्या हयातीत पुन्हा भरेलच याची खात्री नाही. आणि एक भानगड आहे ती निराळीच: खोल बोअर वरच्या थरातून आरपार जाते, तेथे तिला नीट नळी घातलेली नसली, तर वरच्या कोठीतले पाणी त्याच भोकातून खाली गळते. शेजारची विहीर आटते आणि बोअरवाल्यालाही त्याचा फारसा लाभ होत नाही.

मी बोअरची निंदा करतो आहे असे कृपा करून समजू नका. बोअरने या देशावर उपकार केले आहेत आणि ते विसरणे कृतघ्नपणाचे होईल. १९६०-७०च्या दुष्काळांत कठीण दगडात भोक पाडणारी यंत्रे आली आणि त्यांच्यावर हातपंप बसले. तेव्हाचे ओतीव लोखंडाचे पंप महिन्यादोन महिन्यांत मोडत. मजबूत पंप घडवण्याचे पहिले प्रयत्न आपल्याच जालना आणि सोलापूर भागात मिशनच्या मंडळींनी केले. सोलापूरचा पंप पुढे नमुना ठरला आणि त्यावरून १९७०च्या दशकात 'इंडिया मार्क टू' हा हातपंप तयार झाला. तो आज आफ्रिकेतल्या खेड्यांतही बायाबापड्या चालवताना दिसतात.

या पंपाने एक मोठे काम केले, ते नव्या पिढीच्या शिक्षकांना कदाचित ठाऊक नसेल. नारू हा रोग पन्नाशीपुढच्या श्रोत्यांना आठवत असेल. पायातून हातभर लांब दोऱ्यासारखा जंत बाहेर पडायचा, माणूस महिनामहिना अंथरुणावर. पायऱ्यांच्या बारवेत माणसे पाण्यात उतरत. नारू असलेला पाय पाण्यात बुडाला की जंताची पिल्ले पाण्यात सुटत, बारीक जलपिसू ती गिळत, आणि ते पाणी प्यालेल्याला वर्षभराने नारू होई. १९८३-८४ पासून देशभर मोहीम झाली. बारवांच्या पायऱ्या बंद केल्या, हातपंप बसवले, पाणी दुपदरी फडक्यातून गाळून घ्यायला घरोघरी शिकवले. शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. या रोगावर लस नाही, त्याला मारणारे औषध नाही. केवळ पाण्याची राखण करून तो गेला. आपल्याला हे जमते, एवढे ध्यानात असू द्या, कारण पुढे मी जे सांगणार आहे ते ऐकून मन जरा खट्टू होईल.

तर मग पाणी गेले कोठे? पाऊस कमी झाला, असे आपण सर्रास म्हणतो. पावसाची तऱ्हा बदलली आहे हे खरे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी २०१७ साली दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढले. पंधरा दिवसांत संथपणे पडायचा तो पाऊस एका रात्रीत कोसळतो आणि वाहून जातो. मुरायला त्याला उसंत मिळत नाही. हे संकट पुढे वाढणारच आहे. पण सगळा दोष ढगावर टाकून आपण मोकळे होऊ पाहतो, तेवढे मला पटत नाही. लातूरला वर्षाला सरासरी सुमारे आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही सलग वाईट सालांनंतर २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले, शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी पुकारावी लागली, आणि १२ एप्रिलला मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून आगगाडीने पाणी आले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होते, पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. पावसाळा लागल्यावरही ती ऑगस्टपर्यंत चालू होती. उलट अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला त्याच्या निम्म्याच्या आसपास पाऊस, आणि तेथे विहिरींना पाणी टिकते. त्या गावाची गोष्ट पुढे येईलच.

आता शिक्षकबंधुभगिनींना विनंती की, पुढचे गणित फळ्यावर मांडून पाहावे. सातवीच्या मुलांना सहज जमेल. दीड हजार वस्तीचे गाव घेऊ. सरकारने जलजीवन मिशनमध्ये माणशी दररोज ५५ लिटर पाणी धरले आहे. दीड हजार गुणिले पंचावन्न, म्हणजे दिवसाला ८२,५०० लिटर. वर्षाचे झाले तीन कोटी लिटर. गावात पाचशे मोठी जनावरे आहेत, एकेकाला दिवसाला ५० लिटर धरले, तर वर्षाला आणखी ९१ लाख लिटर. एकूण चार कोटी लिटरांच्या आत सारे गाव, माणसे आणि गुरे, वर्षभर पितात, रांधतात, न्हातात, धुतात.

आता उसाचे पाहू. पाटाने पाणी दिलेल्या उसाला हंगामात दोन हजार मिलिमीटर पाणी लागते, पुष्कळदा जास्तच. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. त्यावरून एकराला ८० लाख लिटर होतात. चार कोटीला ऐंशी लाखांनी भागा.

उत्तर पाच.

पाच एकर ऊस. दीड हजार माणसांच्या आणि पाचशे गुरांच्या गावाला वर्षभर जेवढे पाणी लागते, तेवढे पाच एकर उसाच्या सऱ्यांत जाते. हे गणित मी शिबिरात मांडले तेव्हा मागे बसलेला एक शेतकरी उठून म्हणाला, "मग आम्ही ऊस लावायचा नाही का?" त्याचा राग मला समजतो. ज्या पिकाला भाव बांधलेला आहे, कारखाना नेऊन तोडतो, ते पीक तो घेणारच. ज्वारीला आणि तुरीला तशी हमी कोणी दिली आहे? मी त्याला दोष दिला नाही आणि येथेही देत नाही. मला एवढेच दाखवायचे होते की, पिण्याच्या पाण्याचा वाटा मुळी इतका लहान आहे की तो कमी पडण्याचे कारण नव्हते. तो कमी पडतो, कारण त्याला राखण नाही. शेताच्या मोटारीला धनी आहे. तो रात्री दोन वाजता वीज आली तरी उठून बटण दाबतो. गावच्या पाण्याला धनी कोण?

आणि दोन्ही पाणी एकाच दगडातून येते. भारत जमिनीखालून दरसाल जेवढे पाणी उपसतो तेवढे जगात दुसरा कोणताही देश उपसत नाही. चीन आणि अमेरिका मिळूनही नाही. त्यातले शंभरातले पंच्याऐंशीहून अधिक भाग शेतीला जातात. खेड्यांतले पिण्याचे पाणीही बहुतेक त्याच साठ्यातून. गावच्या बोअरपासून शंभर पावलांवर कोणी नवी बोअर मारली, तिच्यावर दहा अश्वशक्तीची पाणबुडी मोटार बसवली, की गावची बोअर बसली म्हणून समजा.

यावर कायदा नाही असे नाही. १८८२ पासून आपल्याकडे रूढ असलेली समजूत अशी की, ज्याची जमीन त्याचे तिच्याखालचे पाणी. ही समजूत घरटी एक मोट चालत होती तोवर खपून गेली. पण पाणी सातबारा पाहून वाहत नाही. म्हणून महाराष्ट्राने १९९३ साली पिण्याच्या पाण्यासाठी भूजलाचा कायदा केला: सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घ्यायची नाही. पुढे २००९ चा अधिक व्यापक कायदा आला. त्यात साठ मीटरहून खोल विहिरींवर बंधने आहेत. साठ मीटर म्हणजे दोनशे फुटांना थोडे कमी. आता तुमच्या शिवारातल्या बोअरची खोली आठवा आणि मनाशी हसा किंवा रडा. कायदा कागदावर उत्तम आहे. पण तक्रार कोणी करायची? चुलत्याविरुद्ध पुतण्याने? ग्रामसेवक तर परगावचा, त्याला गावात दिवस काढायचे आहेत. बोअरची गाडी रात्री येते आणि पहाटे जाते, हे सर्वांना ठाऊक असते.

हिवरे बाजारने हा गुंता पोलीसपाटलावाचून सोडवला. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले आणि ग्रामसभेने काही नियम स्वतःवर घालून घेतले: शेतीसाठी बोअर मारायची नाही, ऊस आणि केळी लावायची नाही. बंधारे आणि चर पुष्कळ गावांनी खणले. पण दरसाल पाऊस मोजून, विहिरींची पातळी पाहून, पाण्याचा ताळेबंद गावापुढे वाचायचा, आधी माणसांचे आणि गुरांचे पाणी बाजूला काढायचे, आणि उरलेल्यात कोणते पीक बसते ते ठरवायचे, हे फार थोड्यांना साधले. सगळ्या गावांना हे साधेल असे मी म्हणत नाही. तेथे गाव लहान आहे, एकविचाराने चालणारी माणसे मिळाली. पण त्यातला पहिला भाग, पिण्याचे पाणी आधी वेगळे काढून ठेवण्याचा, तो तरी कोणत्याही ग्रामसभेला अशक्य नाही.

हे झाले मापाचे. आता गुणाचे, आणि येथे मला अधिक भीती वाटते. आटलेली विहीर सर्वांना दिसते. नासलेले पाणी दिसत नाही.

पाणी जितका काळ दगडात मुरत राहते तितके दगडातले क्षार त्यात उतरतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत खोल पाण्यात फ्लोराईड आढळते. लिटरमागे दीड मिलिग्रॅमपर्यंत ते आपल्या मानकात नाइलाजाने चालवून घेतात. त्यापुढे ते अपायकारक होते. अशा पाण्याला वास नाही, चव नाही, रंग नाही. त्याची खूण शिक्षकाला वर्गात दिसते, आणि डॉक्टरच्या आधी दिसते. मूल हसले की पुढच्या दातांवर पांढुरके, मग पिवळे, तपकिरी पट्टे. ते घासून जात नाहीत. पुष्कळ गुरुजी अशा मुलांना "दात घासत नाहीस" म्हणून रागावतात. बिचाऱ्या मुलाचा काही दोष नसतो. दात घडत असताना, सातआठ वर्षांच्या आत, ते पाणी त्याच्या पोटात गेलेले असते. पुढे वर्षानुवर्षे तेच पाणी प्यायले, तर सांधे धरतात, कंबर वाकते, आणि मग उपाय उरत नाही. एका वर्गात अशी चारपाच मुले दिसली, तर मुलांना रागावू नका. त्यांच्या घरचे पाणी कोणत्या बोअरचे आहे ते विचारा आणि त्या बोअरचे पाणी तपासायला पाठवा. अशा गावांत पुष्कळदा उथळ विहिरीचे पाणी खोल बोअरपेक्षा बरे निघते, आणि आपण नेमकी तीच बुजवून टाकलेली असते. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने तुरटी आणि चुन्याने फ्लोराईड काढण्याची रीत बसवली आहे. पण दुसरे चांगले पाणी मिळत असेल, तर तेच आधी घ्यावे.

उथळ पाण्याला दुसरा धोका आहे, तो आपण वरून टाकतो. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशातल्या पाचांतल्या एका नमुन्यात नायट्रेट मर्यादेबाहेर आढळले. महाराष्ट्रात ते प्रमाण तिनांत एकाहून अधिक होते. युरियाची जादा मात्रा, उकिरडे, गोठ्याचे पाणी, विहिरीजवळचा शौचखड्डा, या सर्वांचे सार मुरत मुरत तेथे पोचते. लिटरला ४५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. त्याहून पुष्कळ जास्त असलेले पाणी पावडरच्या दुधात घालून तान्ह्या मुलाला दिले, तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि मूल निळे पडते.

येथे मायबहिणींना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पाणी उकळले की शुद्ध झाले, हे आपण शाळेत शिकलो. जंतूंच्या बाबतीत ते शंभर टक्के खरे. पण फ्लोराईड आणि नायट्रेट उकळून जात नाहीत. पाण्याची वाफ होते, क्षार पातेल्यातच राहतात. उकळल्याने ते किंचित दाट होतात इतकेच. म्हणून पाण्याची तपासणी दोन्ही अंगांनी हवी, जंतूंची वेगळी आणि क्षारांची वेगळी. आजकाल खेडोपाडी वीस लिटरचे थंड पाण्याचे जार येतात. पाणी थंड असते म्हणून ते शुद्धच, असा आपला भाबडा विश्वास. जारवाल्याला एकदा विचारा, "भाऊ, तपासणीचा कागद दाखवा." लग्नात नवरदेवाची पत्रिका पाहतो, तेवढी चौकशी पाण्याची करायला हरकत नाही.

जंतूंच्या राखणीचे साधन मात्र प्रत्येक ग्रामपंचायतीत आहे: टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. आणि ती टाकण्यासाठी जलसुरक्षक नेमलेला असतो. अडचण अशी की, पोते पंचायतीच्या कोपऱ्यात ओल धरून, तोंड उघडे पडून असते आणि दोन महिन्यांत पावडरीतला क्लोरीन उडून जातो. मग नुसता चुना टाकल्यासारखे होते. चांगली पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम लागते. दहा फूट रुंदीच्या गोल विहिरीत सहासात फूट पाणी असेल, तर ते साधारण चौदा हजार लिटर भरते. त्याला पस्तीस ग्रॅम पावडर. ती बादलीत कालवून, निवळी तेवढी विहिरीत सोडावी, गाळ टाकून द्यावा, आणि तासभर पाणी उपसू नये. पस्तीस ग्रॅम म्हणजे एका मुठीचे काम, आणि तेवढे होत नाही म्हणून जुलैमध्ये गॅस्ट्रोची साथ येते. पाणी नळाचे असेल तर आणखी एक पाहा. नळाला दिवसातून तासभर पाणी येते, बाकी वेळ पाइप रिकामा. तो गटारातून गेलेला असेल आणि कुठे सांधा फुटला असेल, तर रिकामा पाइप गटारातले पाणी आत ओढून घेतो. पाणी सुटल्यावर पहिली कळशी कोणाच्या घरी जाते, ते मुलांना तापाने कळते.

२०१९ साली देशातल्या खेड्यांत सहापैकी एकाच घरात नळ होता. आज पाचांतल्या चार घरांत तो पोचला आहे. हे काम लहान नाही, त्याबद्दल कृतज्ञच असले पाहिजे. पण तोटी बसवताना आपण तिच्या मागचे पाणी कोठून येते, हे पाहिले नाही. आणि नळ आला त्या दिवसापासून आडाकडे पाहणे सोडले. ज्या आडात आपण पिशव्या आणि औषधाच्या बाटल्या टाकतो, तो त्याच मुरुमाला, त्याच भेगांना जोडलेला आहे. फत्तराच्या भेगेतून घाण मातीतल्यापेक्षा वेगाने धावते. म्हणजे उकिरडा झालेला आड नुसता वाया गेला असे होत नाही. तो साऱ्या गावच्या पाण्यात घाण उतरवणारी सरळ वाट होऊन बसतो. शेताला बोअर लागली नाही म्हणून उघडे टाकलेले भोकही तसेच. त्यात मूल पडते तेव्हा चार दिवस देश हळहळतो. पाणी नासते त्याची बातमी येत नाही.

पाणवठा सर्वांचा, ही गोष्ट या भूमीत फुकट मिळालेली नाही. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह केला, आणि त्या पाण्यावरचा दावा हायकोर्टात १९३७ पर्यंत चालला. त्या सार्वजनिक पाण्यासाठी माणसांनी डोकी फोडून घेतली. आता ज्याच्यापाशी पैसे आहेत तो आठशे फूट खाली जातो, नाही तर जार मागवतो, आणि ज्याच्यापाशी नाहीत ती बाई टँकरमागे घागर घेऊन धावते. पाणवठ्याचे दार पुन्हा मिटते आहे, फक्त या वेळी ते जमिनीखाली मिटते आहे.

त्या शिबिराच्या गावची हकीकत अर्धी राहिली. आड उपसल्यावर सरपंचबाईंनी त्यावर लोखंडी जाळी टाकून घेतली आणि भोवतीचा उकिरडा हलवला. आडाचे पाणी दोन्ही अंगांनी तपासायला पाठवले. क्षारांच्या बाबतीत ते ठीक निघाले. जंतू होते, म्हणून पावडर टाकणे सुरू झाले आणि पुन्हा तपासून घ्यायचे ठरले. पाचशे मीटरचा नियम ग्रामसभेत वाचून दाखवला, तेव्हा बराच गलका झाला. ठराव झाला तो एका नव्या बोअरच्या अर्जाला नकार देण्याचा, आणि अर्जदार उपसरपंचांचे मेहुणे होते. पुढे तो टिकेल की नाही, मला सांगता येत नाही.

तिथल्या शाळेच्या बाईंनी मात्र एक बेस केले. काथ्याच्या दोराला फुटाफुटावर गाठ मारून, टोकाला दगड बांधून, पाचवीसहावीची मुले दर सोमवारी जाळीतून दोर सोडतात आणि पाणी किती गाठींवर लागले ते शाळेच्या भिंतीवर लिहितात. शेजारी पावसाचे माप. खर्च दोराचा, तोही कोणाच्या तरी गोठ्यातून आणलेला. जानेवारीत एकतीस, फेब्रुवारीअखेर चौतीस, मार्चमध्ये ओढ्याकाठच्या उन्हाळी भुईमुगाला रात्रंदिवस मोटारी सुरू झाल्या तेव्हा एकाच महिन्यात एकोणचाळीस. हा आकडा भिंतीवर चढला तेव्हा मोटारवाल्यांपैकी एकजण शाळेत येऊन म्हणाला, "बाई, हे पुसून टाका." बाईंनी पुसले नाही. त्याचा मुलगा सहावीतच आहे आणि दोर तोच सोडतो.

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी चव्वेचाळीस गाठी होत्या. म्हणजे तळाशी सहा फूट पाणी शिल्लक, आणि त्या सहा फुटांवर देवळाच्या आळीतली वीसबावीस घरे यंदा टँकरची वाट न पाहता जून लागेपर्यंत पाणी प्यायली. पावसाळ्यानंतरचा आकडा कळवीन, असे बाईंनी लिहिले आहे.